वहिनींचा अर्धा इंच

आधीच सांगून टाकते, मी जळते. माझ्या सख्ख्या वहिनींवर जळते. त्रेचाळीस वर्षांची घोडी झालेय, नोकरी बरी आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि तरी तोंडात टाचण्या धरून बोलणाऱ्या त्या बाईंचं नुसतं हसणं ऐकू आलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. लोक असलं काही झाकून ठेवतात. मला जमत नाही, माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर जातो, वहिनी खाली रस्त्याला लागून असलेल्या खोलीत शिवणकाम करतात, आणि वरच्या मजल्यावर मी. मी लग्न केलं नाही. कोणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारणाऱ्यांना मीच इतके प्रश्न विचारले की ते परत आले नाहीत. खाली दुकानात दोन मशिनी आहेत, एक पायाची, एक मोटरची. कापायचं लांब टेबल आहे, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकीत कमरेपर्यंतचा कापडी पुतळा उभा असतो, बिनडोक्याचा, बिनहातांचा. आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना कागदी नमुने टांगलेले, कुणाची पाठ, कुणाची बाही, कुणाची कॉलर.

वहिनी या घरात आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. महिनाभरात आई चार दिवस मावशीकडे गेली, तेवढ्यात वहिनींनी घरातले सगळे पडदे उतरवले, उसवले आणि पुन्हा शिवले. पडदे आईनं शिवलेले होते. चुण्या लहानमोठ्या होत्या आणि वहिनींना त्यांच्याकडे बघून घास गिळवत नव्हता. आई परत आली आणि म्हणाली, "धुतल्यावर काय छान पडलेत गं!" वहिनी म्हणाल्या, "हो ना." बस्स. आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं होतं, कारण मी टाके बघितले होते. म्हणजे ही बाई काय चीज आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या कोणाला "चुकलं" असं म्हणतच नाहीत. "घालून बघू" म्हणतात. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर "बरं" म्हणतात, मग स्वतःला हवं तेच करतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. माझं उलटं. मी तोंडावर सांगते आणि लोक रागावतात, वर माझं बरोबर असतं तरी रागावतात.

नऊ वर्षांपूर्वी मी वहिनींना एक प्रोग्रॅम करून दिला. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेऊन खाकी कागदावर पट्टी-पेन्सिलीनं आखत बसायच्या. म्हटलं, हे काय, कुठल्या काळात राहतो आपण? मापं भरायची, बटण दाबायचं, की पाठ, पुढा, बाही, कॉलर सगळं छापून बाहेर. सहा महिन्यांचे रविवार घातले त्यात. पहिला शर्ट पुतळ्यावर चढवला तर कुठे एक सुरकुती नाही! मी इतकी नाचले की दादाला वाटलं मला बढती मिळाली.

मग तो प्रोग्रॅम मी इंटरनेटवर खुला करून ठेवला. खुला म्हणजे फुकट तर खराच, शिवाय कोणीही उघडून आत बघावं, सुधारावं, सुधारलेलं परत आणून द्यावं. हळूहळू मंडळी जमली, कुठकुठले शिवणारे, कुठकुठले प्रोग्रॅमर. सगळ्यांत वर मी. तिथं माणसं टोपणनावानं वावरतात. माझं 'कात्री'. ते मीच ठेवलंय, पण सगळ्यांना फारच लगेच पटलं.

अशा खुल्या कामांवर दर वर्षी चार महिने कॉलेजची मुलं येतात. आपण त्यांचं मेंटर व्हायचं, म्हणजे एका मुलाला हाताशी धरून काम शिकवायचं, हौसेनं, बिनपगारी. नियम दोनच. मुलाच्या कामाला मेंटरनं स्वतः हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. आणि दुसरा आमच्या मंडळींचा खास नियम: जे बनलं ते छापून, कोऱ्या कापडात शिवून, चढवून बघितल्याशिवाय मेंटरची सही नाही. मी आजवर सहा जणांना सही दिली. प्रत्येक वेळी वहिनींनी शिवलं आणि आम्ही पुतळ्यावर चढवलं.

यंदाची मुलगी शेवटच्या वर्षाची. टोपणनाव 'बॉबिन'. काम होतं शर्टाची पाठ आणि बाह्या नव्यानं बसवायचं, जाड, बारीक, सगळ्या अंगांना. तिच्या कॉलेजनं हेच तिचं वर्षाचं काम म्हणून धरलं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत माझी सही पडली तर पास, नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, "मॅडम, बाहीचा वरचा घेर खांद्याच्या भोकापेक्षा मोठा का ठेवतात?" मी म्हटलं, तसाच असतो. ती म्हणाली, पण का? मला चिडचिड झाली. खरं कारण, मला माहीत नव्हतं. मी लॅपटॉप उचलला, खाली नेला आणि टेबलावर ठेवला. "वहिनी, हिला जरा दोन मिनिटं समजावून सांगा."

दोन मिनिटांचे पावणेदोन तास झाले. वहिनींनी त्या पोरीला तिच्या घरातला जुना अभ्रा शोधायला लावला, कापायला लावला, हातानं टाके घालायला लावले. "बोलून काय कळणार? घालून बघ." पोरीनं अभ्र्याची बाही दंडावर चढवून कॅमेऱ्यासमोर हात फिरवला आणि किंचाळली, "अय्या, फिरतोय की हात!" वहिनी हसल्या. मी जिन्यात उभी होते. तेव्हापासून माझं बिनसलं.

पुढचे तीन महिने काय सांगू! रोज संध्याकाळी खालून हसण्याचे आवाज. बॉबिनला तिथं 'वहिनी' आणि मला 'मॅडम'. मला निरोप यायचा, "मॅडम, काम पाठवले आहे, कृपया बघावे." आणि वहिनींना काय, तर शिलाईचा फोटो, "वहिनीऽ, बघा ना, आज सरळ आली!" मग बाकीच्या मेंटरांची मुलंही शंका घेऊन वहिनींकडे यायला लागली. जगभरची मंडळी त्यांना वहिनी म्हणायला लागली; एका परदेशी बुवाला तर ते त्यांचं नावच वाटलं. कोणीतरी त्यांचं चित्र काढलं, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. नऊ वर्षं मी या लोकांच्या शंका निस्तरतेय, माझं कोणी चित्र सोडा, साधी रेघ ओढली नाही.

आणि वहिनी तरी! "जेवलीस का गं?" असं रोज विचारायच्या तिला. मला इतक्या वर्षांत एकच वाक्य, "वन्सं, ताट झाकून ठेवलंय." रोज ठेवतात, गरम ठेवतात, ते खरं आहे. पण विचारतात का? नाही विचारत. बोलल्या तर टाचण्यांच्या फटीतून, दोन शब्द. तिच्याशी मात्र तोंड रिकामं करून तासतासभर गप्पा. हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तुला जेवण पण हवं आणि चौकशी पण हवी," आणि पेपर वाचायला लागला.

शेवटच्या आठवड्यात बॉबिनचं पूर्ण काम माझ्याकडे तपासायला आलं. काम चांगलं होतं. एका जागी मात्र मी थबकले. छातीच्या मापावरून पाठीची रुंदी काढायचं माझं सूत्र आहे, त्याच्यापुढे तिनं अर्धा इंच जोडला होता. प्रोग्रॅममध्ये आकड्यांना नावं देता येतात, म्हणजे कोणता आकडा कशासाठी ते वाचणाऱ्याला कळावं. या अर्ध्या इंचाचं नाव तिनं ठेवलं होतं 'वहिनी'.

माझ्या प्रोग्रॅममध्ये! माझ्या सूत्राच्या शेजारी, अधिक वहिनी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. नऊ वर्षांत कोणी एखाद्या शून्यालाही माझं नाव दिलं नव्हतं.

मी लिहिलं, हा अर्धा इंच कशासाठी? कारण द्या, नाही तर काढा. उत्तर आलं, "मॅडम, तेवढं राहू द्या ना, प्लीज." मी म्हटलं, कारण? पुन्हा, "राहू द्या ना." तीनदा विचारलं, तीनदा तेच. मी सरळ लिहिलं, अर्धा इंच निघाला नाही तर सही नाही. वाटलं, आता येईल ताळ्यावर. ती म्हणाली, "नाही काढता येणार, मॅडम." वर्ष पणाला लागलेली पोर, आणि अर्ध्या इंचावर अडून बसली! माझ्यासाठी कोणी कधी पाव इंच अडलं नाही.

मी तरातरा खाली गेले. "वहिनी, हे तुम्ही शिकवलंत तिला?"

"हं," वहिनी टाचण्यांमधून म्हणाल्या.

"कशाला? सूत्र पुस्तकातलं आहे माझं. मनानं नाही काढलेलं."

"असेल की."

"मग?"

"घालून बघू म्हटलं."

भांडायला आलेल्या माणसाशी कोणी असं वागतं का? निदान आवाज तरी चढवावा. मी वर गेले, आणि जे कधी करायचं नाही ते केलं. मुलाच्या कामाला मेंटरनं हात लावायचा नाही हा नियम मीच दहा जणांना पढवलाय. मी ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली. अधिक वहिनी, गेलं. हे बुधवारचं. बॉबिनला मी कळवलं, दुरुस्ती मी केली आहे, उद्या दुपारी कपडा चढवून बघू, तूही व्हिडिओवर ये.

गुरुवारी सकाळी नमुना छापून वहिनींच्या पुढ्यात टाकला. "कागदावर आहे तसंच शिवा. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी इथंच बसते." आणि मी खरंच बसले, स्टुलावर, पहारेकऱ्यासारखी. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेला ठेवलेल्या निळ्या खडूकडे गेला, थांबला, आणि मागे आला. "बरं," त्या म्हणाल्या. मापं माझीच घेतली होती. म्हटलं, पुतळ्यावर नको, मीच घालते आणि दाखवते सगळ्यांना. हौस माझी!

दुपारी शर्ट तयार झाला. घातला, आरशासमोर उभी राहिले. खांदे चोख, पाठ सपाट, कुठे सुरकुती नाही. लॅपटॉपवर बॉबिन दिसत होती, बारीकशी, चष्मा लावलेली, ओठ घट्ट मिटलेली. मी तिच्यासमोर गोल फिरले. "बघितलंस? कुठे कमी पडतंय? कुठे हवाय तुझा अर्धा इंच?"

वहिनी मशीनवर बसल्या होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "वन्सं, तेवढी पांढऱ्या दोऱ्याची रीळ द्या ना फळीवरची."

फळी टेबलाच्या पलीकडे. मी वाकले, दोन्ही हात पुढे केले, आणि पाठीत टर्र असा आवाज झाला. रीळ हातात, आणि काखेमागून पाठीच्या मध्यापर्यंत वारा लागायला लागला.

"शिलाई कच्ची घातलीत तुम्ही!" मी ओरडले. दुसरं काय सुचणार तेव्हा?

वहिनी उठल्या, माझ्या मागे आल्या आणि फाटलेली जागा चिमटीत धरून आरशात मला दाखवली. शिलाई जागच्या जागी होती. तिच्या शेजारचं कापड फाटलं होतं. बॉबिन खाली बघत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं. "मॅडम, मी सांगणार होते," ती हळूच म्हणाली, "पण वहिनींनी..."

"थांब. नंतर बोलते," म्हणून मी लॅपटॉप मिटला.

मग मी मागच्या भिंतीकडे गेले. खिळ्यावरचा एक कागद काढला. माझ्याच प्रोग्रॅममधून छापलेला, कोपऱ्यात तारीख, सात वर्षांपूर्वीची. पाठीच्या कडेला, छापलेल्या रेघेच्या बाहेर, अर्ध्या इंचावर निळ्या खडूची रेघ. दुसरा काढला. निळी रेघ. तिसरा, चौथा, तळातला नऊ वर्षांपूर्वीचा. रोज येता-जाता त्या निळ्या रेघा मी बघत होते, मला वाटायचं शिंप्यांच्या काहीतरी खुणा असतील. कधी जवळ जाऊन बघितलं नाही.

खिडकीत पुतळा उभा होता. नऊ वर्षं मी सगळं त्याच्यावर चढवून बघितलं आणि खूश झाले. त्याला हात नाहीत. तो कधी फळीवरची रीळ काढत नाही, पोराला उचलत नाही, मशीनवर वाकत नाही. आणि मला एकदम आठवलं, तीन जणांनी कळवलं होतं मला, वेगवेगळ्या वर्षी: हात पुढे केला की पाठीत ओढतं. तिघांनाही मी लिहिलं होतं, माप नीट घ्या. आणि तक्रारी बंद करून टाकल्या होत्या.

"प्रत्येक कागदावर?" मी विचारलं.

"खडू काय, हाताशीच असतो."

"नऊ वर्षं! मला एका शब्दानं बोलला नाहीत. आणि ती चार महिन्यांपूर्वी आलेली पोर, तिला सांगितलंत!" माझा आवाज फाटला. मला शर्टाचं दुःख नव्हतं, प्रोग्रॅमचंही नव्हतं. तिला सांगितलं आणि मला नाही, याचंच होतं.

वहिनींनी पुन्हा पायाच्या मशीनवर बसून चाक हातानं थांबवलं. "तुम्ही किती हौशीनं करून दिलं होतंत. मग दर थोड्या दिवसांनी खाली येऊन विचारायचात, चालतंय ना? मी म्हणायचे, चालतंय की."

"आणि ती?"

"तिनं विचारलं, वहिनी, कुठे अडतं?"

मी वर गेले. शर्ट बदलायचंही भान नव्हतं. पुसलेली ओळ परत घातली, जशीच्या तशी, नावासकट. खाली लिहिलं की ही चूक नऊ वर्षांपूर्वीपासूनची आहे, माझी आहे, आणि ती या मुलीनं दुरुस्त केली आहे. मी तिच्या कामाला हात लावला तोही नियम मोडून. सगळ्या मंडळींना दिसेल असं लिहिलं. त्या तीन तक्रारी पुन्हा उघडल्या आणि तिघांची माफी मागितली. त्यातल्या एकानं तर ते टोपणनाव सोडूनही दिलंय, त्याच्यापर्यंत माझी माफी पोचायचीही नाही. मग पोरीला कळवलं, कपडा चढवून बघितला की आजच सही करते. बॉबिनचं उत्तर लगेच आलं, "खूप खूप धन्यवाद मॅडम!" मॅडमच. तेवढी शिक्षा ठीक आहे.

वहिनींना नवा नमुना कापडावर शिवायचाच होता, सहीच्या नियमासाठी. तो त्यांनी संध्याकाळपर्यंत शिवला. मी तो घालून फळीवरच्या सगळ्या रिळा काढल्या आणि परत लावल्या. कुठे ओढलं नाही. तिथंच लॅपटॉप उघडला आणि सही केली. दादा दारात उभा राहून बघत होता.

तो गेल्यावर मी स्टूल ओढून टेबलाशी बसले. "वहिनी."

"हं."

"आणखी कुठे अडतं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या, सगळ्या, शेवटच्या टाचणीपर्यंत. "कॉलर मागून उभी राहते. खिसा बोटभर खाली लागतो. मनगट बाईमाणसाला सैल होतं. लहान मुलांच्या मापांत तर, वन्सं, पुष्कळ आहे."

मला ऐकवत नव्हतं, आणि तरी दुसरंच काहीतरी आधी विचारावंसं वाटलं. माझा स्वभाव कुठे जाणार? "हे सगळं बॉबिनला माहीत आहे?"

"छे, छे!" वहिनी म्हणाल्या. "तिला एवढं एकच सांगितलं, तेही तिचं काम अडलं म्हणून. आणि शपथ घातली, मॅडमना कारण सांगायचं नाही. ती बाहेरची पोर. तिच्यापुढे घरच्या माणसाचं किती काढू मी?"

एक पोर त्या शपथेपायी वर्ष घालवायला निघाली होती, आणि मी इकडे जळत बसले होते. वहिनींनी निळा खडू माझ्याकडे सरकवला.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आधी कॉलर सांगा."